प्रत्येक डेस्कटॉपला वेगळा वॉलपेपर: लिनक्सवर नव्याने आलेल्यांसाठी

माझे चार वर्कस्पेस ठरलेले आहेत. पहिल्यावर लेखन, दुसऱ्यावर ब्राउझर, तिसऱ्यावर टर्मिनल, चौथ्यावर गाणी आणि गप्पा. बरेच दिवस चारही ठिकाणी मागे एकच चित्र होतं, आणि बरेच दिवस मी टर्मिनलमध्ये टाइप करायच्या आज्ञा गप्पांच्या चौकटीत टाइप करून पाठवत होतो. पलीकडून प्रश्नचिन्ह यायचं. मग एकदा चारही वर्कस्पेसच्या मागे वेगवेगळ्या रंगांची चित्रं लावली आणि हा प्रकार जवळजवळ थांबला. आपण कुठे आहोत हे वाचावं लागत नाही, डोळ्यांना ते आपोआप कळतं. वॉलपेपर बदलण्यात हौसेचा भाग आहेच, पण मी तो लावतो तो पाटी म्हणून.

ज्यांनी आभासी डेस्कटॉप अजून वापरलेच नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात: स्क्रीन एकच, पण तिच्यामागे कामाची टेबलं अनेक. एका टेबलावरच्या विंडो दुसऱ्यावर दिसत नाहीत. की-बोर्डवरची जोडी दाबली की टेबल बदलतं. कल्पना जुनी आहे. झेरॉक्सच्या पार्क प्रयोगशाळेत ऑस्टिन हेंडरसन आणि स्टुअर्ट कार्ड यांनी १९८६ साली अशीच एक व्यवस्था मांडली होती, तिचं नाव ‘रूम्स’. सगळ्या खोल्यांच्या भिंती एकाच रंगाच्या असल्या तर कुठल्या खोलीत शिरलो हे सामान बघूनच ओळखावं लागतं. आपली अडचण तीच. काही डेस्कटॉप या जागांना ‘वर्कस्पेस’ म्हणतात, काही ‘व्हर्च्युअल डेस्कटॉप’. पुढे दोन्ही शब्द येतील, अर्थ एकच.

आधी एक गोष्ट समजून घ्या, नाहीतर पुढे डोकं फिरेल

लिनक्सवर ‘वॉलपेपर कसा बदलायचा’ या प्रश्नाला एक उत्तर नाही, कारण वॉलपेपर लिनक्स रंगवतच नाही. ते काम तुमच्या डेस्कटॉप एन्व्हायर्नमेंटचं, म्हणजे पॅनेल, मेनू, सेटिंग्ज वगैरे दाखवणाऱ्या प्रोग्रामांच्या संचाचं. पुढे त्यालाच नुसतं ‘डेस्कटॉप’ही म्हटलं आहे. एक्सएफसीईमध्ये ‘एक्सएफडेस्कटॉप’ नावाचा स्वतंत्र प्रोग्राम ते करतो. माटेमध्ये ‘काजा’ हा फाइल मॅनेजरच करतो. केडीईमध्ये प्लाझ्मा करतो, ग्नोममध्ये ग्नोम शेल.

आणि दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. एक्स ११ या स्क्रीनवर विंडो दाखवायच्या जुन्या पद्धतीत (नवी ती वेलँड) ‘वर्कस्पेस बदलणं’ म्हणजे फक्त काही विंडो लपवणं आणि काही दाखवणं. मागचं चित्र ज्या विंडोवर रंगवलेलं असतं ती सगळ्या वर्कस्पेसवर चिकटवून ठेवलेली असते. ती हलतच नाही. म्हणून मुळात सगळीकडे एकच चित्र दिसतं. वेगळी चित्रं हवी असतील तर चित्र रंगवणाऱ्या प्रोग्रामने ‘आता वर्कस्पेस बदलला, चित्रही बदलतो’ असं स्वतः करायला हवं. काही प्रोग्राम करतात, काही करत नाहीत. पुढचा सगळा लेख या एका फरकावर उभा आहे.

तेव्हा पहिलं काम: आपला डेस्कटॉप कोणता ते पाहा. सेटिंग्जमध्ये बहुधा ‘अबाउट’ नावाचं पान असतं, तिथे हे लिहिलेलं असतं. वितरणावरूनही, म्हणजे लिनक्सचा कुठला तयार संच बसवला आहे यावरूनही, अंदाज येतो. उबुंटू आणि फेडोरा वर्कस्टेशन यांच्यासोबत ग्नोम येतो, कुबुंटूसोबत केडीई, झुबुंटूसोबत एक्सएफसीई. लिनक्स मिंटचे सिनॅमन, माटे आणि एक्सएफसीई असे तीन अवतार आहेत, त्यामुळे ‘मी मिंट वापरतो’ एवढं सांगून भागत नाही. त्याच अबाउटच्या पानावर ‘विंडोइंग सिस्टिम’ किंवा ‘ग्राफिक्स प्लॅटफॉर्म’ अशी ओळ दिसली तर तिच्यापुढे एक्स ११ आहे की वेलँड, तेही टिपून ठेवा. पुढे लागेल.

चित्रं निवडताना

इथे नवखे लोक सुंदर चित्रं निवडतात आणि फसतात. चार डोंगरांचे चार सुंदर फोटो दुरून सारखेच दिसतात. पाटी म्हणून वापरायचं असेल तर रंग वेगळे निवडा: एक गडद निळं, एक मातकट, एक हिरवं, एक जवळजवळ काळं. चित्र काय आहे हे दुय्यम. वर्कस्पेस बदलताना क्षणभरच दिसतं ते, तेवढ्यात रंगच कळतो.

आकार स्क्रीनइतकाच ठेवा. स्क्रीन १९२० बाय १०८० असेल तर चित्रही तेवढंच कापून घ्या. जिंप किंवा फोटो कापता येणाऱ्या दुसऱ्या कुठल्याही प्रोग्राममध्ये हे होतं. डिस्कवर फाइल लहान दिसली तरी स्क्रीनवर दाखवताना ती उलगडून मेमरीत ठेवावी लागते: १९२० बाय १०८० चं चित्र दर बिंदूला ४ बाइट धरून सुमारे ८.३ एमबी होतं, आणि ३८४० बाय २१६० चं सुमारे ३३ एमबी. कॅमेऱ्यातून आलेला भला मोठा फोटो तसाच लावला तर प्रत्येक वेळी तो उलगडून, लहान करून मग दाखवला जातो. जुन्या मशीनवर हा उशीर डोळ्यांना जाणवतो.

सगळी चित्रं एका फोल्डरमध्ये ठेवा आणि तो फोल्डर पुन्हा हलवू नका. डेस्कटॉप चित्राची प्रत करून ठेवतोच असं नाही, बहुतेक वेळा फक्त पत्ता लक्षात ठेवतो. पेन ड्राइव्हवरून लावलेला वॉलपेपर दुसऱ्या दिवशी गायब होतो तो यामुळेच. फाइलची नावं साधी, जागा न सोडता, शक्यतो आकड्यांची द्या: शून्य, एक, दोन, तीन. शून्यापासून का, ते पुढे स्क्रिप्टच्या (आज्ञांच्या छोट्या फाइलीच्या) भागात कळेल.

एक्सएफसीई: सगळ्यात सोपं

फक्त या एका सोयीसाठी डेस्कटॉप निवडायचा झाला तर मी एक्सएफसीई सांगेन. २०१५ सालच्या ४.१२ आवृत्तीपासून प्रत्येक वर्कस्पेसला वेगळं चित्र ही तिथे आतूनच असलेली सोय आहे, वरून काही बसवावं लागत नाही. तरीही लोकांना ती सापडत नाही, कारण तिची मांडणी जरा विचित्र आहे.

सुरुवातीला सेटिंग्ज मॅनेजर उघडून ‘वर्कस्पेसेस’ मध्ये जा आणि हवे तेवढे वर्कस्पेस करून घ्या. तिथेच त्यांना नावंही देता येतात. द्या, पुढे उपयोग होतो. मग डेस्कटॉपच्या रिकाम्या जागी राइट-क्लिक करून ‘डेस्कटॉप सेटिंग्ज’ उघडा. ‘बॅकग्राउंड’ या टॅबमध्ये चित्रांची रांग दिसेल आणि तिच्याजवळ एक चेकबॉक्स, ‘अप्लाय टू ऑल वर्कस्पेसेस’. त्याची खूण काढा.

आता लोक इथे अडकतात. खूण काढली, आता दुसऱ्या वर्कस्पेसचं चित्र निवडायची यादी कुठे आहे? यादी नाहीच. ही सेटिंगची विंडो ज्या वर्कस्पेसवर असेल त्याचंच चित्र ती बदलते. म्हणजे विंडोच उचलून दुसऱ्या वर्कस्पेसवर न्यायची. तिच्या वरच्या पट्टीवर राइट-क्लिक करा, ‘मूव्ह टू अनदर वर्कस्पेस’ निवडा, दुसरा वर्कस्पेस सांगा, तिकडे जा आणि तिथे चित्र निवडा. मग तिसऱ्यावर, मग चौथ्यावर. खिशात रंगाचा डबा घालून खोल्याखोल्यांतून फिरल्यासारखं वाटतं, पण चार वर्कस्पेसचं काम दोन मिनिटांत होतं आणि पुन्हा करावं लागत नाही.

प्रत्येक ठिकाणी ‘स्टाइल’ कडेही लक्ष द्या. चित्र स्क्रीनच्याच आकाराचं कापलेलं असेल तर कुठलीही शैली चालते. नसेल तर ‘झूम्ड’ ठेवा: स्क्रीन पूर्ण भरते, कडेचा थोडा भाग कापला जातो, पण माणसांचे चेहरे ताणले जात नाहीत. ‘स्ट्रेच्ड’ च्या वाट्याला जाऊ नका.

झालं की डेस्कटॉपच्या रिकाम्या जागेवर माउसचं चाक फिरवून पाहा. एक्सएफसीईमध्ये चाकाने वर्कस्पेस बदलतात. चित्रं एकामागून एक सरकताना दिसली की जमलं. की-बोर्डवरून कंट्रोल आणि ऑल्ट धरून डावा-उजवा बाण, किंवा थेट जायचं तर कंट्रोल आणि एफ१, एफ२ वगैरे.

दोन मॉनिटर असतील तर कामही दुप्पट. चार वर्कस्पेस आणि दोन मॉनिटर म्हणजे आठ जागा, आणि प्रत्येक जागी ती विंडो ओढत न्यायची. आणखी एक खोच आहे. एक्सएफसीई चित्राची नोंद मॉनिटर ज्या पोर्टला जोडला आहे त्या पोर्टच्या नावाने ठेवतो. माझ्या मशीनवर एकदा केबल एचडीएमआयमधून काढून डिस्प्लेपोर्टला लावली आणि सगळी चित्रं जाऊन मूळचं चित्र परत आलं. काही बिघडलं नव्हतं. नव्या नावाखाली नोंदच नव्हती. केबल परत पूर्वीच्या पोर्टला लावली की जुनी चित्रं परत येतात.

ही नोंद बघायची असेल तर ‘सेटिंग्ज एडिटर’ उघडून डाव्या बाजूला डेस्कटॉपची ओळ निवडा. मॉनिटरच्या नावाखाली वर्कस्पेस ०, वर्कस्पेस १ अशा फांद्या दिसतील. तुमचा पहिला वर्कस्पेस तिथे शून्य आहे. बदल करायचे तर याच एडिटरमधून करा. मागची मजकूर-फाइल थेट उघडून बदलली तर चालू असलेला प्रोग्राम स्वतःच्या आठवणीतली जुनी नोंद तिच्यावर पुन्हा लिहितो आणि तुमची मेहनत वाया जाते.

केडीई प्लाझ्मा: रस्ता थोडा वळणाचा

केडीईच्या जुन्या लोकांना याचं दुःख आहे. केडीई ३ मध्ये प्रत्येक डेस्कटॉपला वेगळं चित्र सरळ लावता यायचं, केडीई ४ मध्येही सोय होती. २०१४ साली प्लाझ्मा ५ आला आणि ती सोय गेली. तिच्या जागी बोट दाखवलं गेलं ते ‘ॲक्टिव्हिटीज’ कडे.

ॲक्टिव्हिटी म्हणजे वेगळा वर्कस्पेसच, पण जास्त स्वतंत्र. तिचं स्वतःचं चित्र असतं, डेस्कटॉपवरची विजेट्स स्वतःची असतात, अलीकडे उघडलेल्या फाइलींचा इतिहासही वेगळा राहू शकतो. गोंधळ होतो तो यामुळे की व्हर्च्युअल डेस्कटॉप आणि ॲक्टिव्हिटी एकमेकांना छेदतात: तीन ॲक्टिव्हिटी आणि चार डेस्कटॉप असतील तर एकूण बारा जागा तयार होतात आणि माणूस त्यांत हरवतो. म्हणून नवख्यांना माझा सल्ला सरळ आहे. दोन्हींपैकी एकच वापरा. चित्रं वेगळी हवी असतील तर सिस्टिम सेटिंग्जमध्ये जाऊन व्हर्च्युअल डेस्कटॉप एकच ठेवा आणि ॲक्टिव्हिटी चार करा.

मेटा की, म्हणजे बहुतेक की-बोर्डवर विंडोजचं चिन्ह असलेली, आणि क्यू दाबलं की डाव्या बाजूला ॲक्टिव्हिटींची पट्टी उघडते. तिथे नवी ॲक्टिव्हिटी तयार करा, नाव द्या, चिन्ह द्या. तिच्यावर क्लिक करून तिच्यात जा. रिकाम्या जागी राइट-क्लिक करून डेस्कटॉप आणि वॉलपेपरची सेटिंग उघडा, चित्र निवडा, ‘अप्लाय’. चारही ठिकाणी हेच.

प्रत्येक ॲक्टिव्हिटीच्या सेटिंगमध्ये तिच्यासाठी शॉर्टकट ठेवायची जागा असते, ती रिकामी सोडू नका. त्याशिवाय हे सगळं वापरायला जड जातं. मेटा आणि आकडा हा पहिला मनात येणारा शॉर्टकट, पण प्लाझ्मामध्ये तो खालच्या पट्टीवरच्या प्रोग्रामसाठी आधीच घेतलेला असतो. कंट्रोल, ऑल्ट आणि आकडा असं काहीतरी मोकळं शोधा.

तोटाही सांगतो. ब्राउझर एका ॲक्टिव्हिटीत उघडा असताना दुसरीकडून एखादी लिंक दाबली तर पान पहिल्या ठिकाणी उघडतं आणि तुम्ही इथे वाट बघत बसता. ज्या विंडो सगळीकडे हव्यात, त्यांच्या वरच्या पट्टीवर राइट-क्लिक करून ॲक्टिव्हिटीच्या उपमेनूतून त्या सगळ्या ॲक्टिव्हिटींत दिसतील असं करून ठेवा.

ग्नोम: भांडू नका

ग्नोममध्ये ही सोय नाही. वर्कस्पेसही तिथे आपोआप वाढतात आणि रिकामे झाले की मिटतात, त्यामुळे ‘तिसऱ्याचं चित्र’ या म्हणण्यालाच फारसा अर्थ राहत नाही. तरी हवंच असेल तर आधी सेटिंग्जमधल्या ‘मल्टिटास्किंग’ मध्ये जाऊन वर्कस्पेसची संख्या पक्की करा, आणि मग वर्कस्पेसनुसार चित्र बदलणारं एखादं एक्स्टेन्शन, म्हणजे ग्नोमला वरून जोडायची पुरवणी, शोधा.

एक्स्टेन्शन बसवण्याआधी ते तुमच्या ग्नोमच्या आवृत्तीसाठी आहे का ते पाहा. ग्नोमची नवी आवृत्ती दर सहा महिन्यांनी, मार्च आणि सप्टेंबरच्या सुमारास येते, आणि एक्स्टेन्शनला आपण कुठल्या आवृत्त्यांवर चालतो हे जाहीर करावं लागतं. सप्टेंबर २०२३ च्या ४५ व्या आवृत्तीत एक्स्टेन्शन लिहायची पद्धतच बदलली आणि तोवरची सगळी त्यानुसार बदलावी लागली. म्हणजे आज बसवलेलं पुढच्या अपडेटनंतर चालेलच असं नाही. हे मान्य असेल तर वापरा. मी ग्नोमवर असतो तेव्हा एकच शांत चित्र ठेवतो आणि सोडून देतो.

ग्नोममधला एक सापळा मात्र सगळ्यांना माहीत असावा. ४२ व्या आवृत्तीपासून उजेडाच्या आणि अंधाराच्या थीमसाठी चित्राच्या दोन वेगळ्या नोंदी असतात. कुठल्याही प्रोग्रामने किंवा स्क्रिप्टने फक्त पहिली बदलली आणि तुमची थीम गडद असली, तर स्क्रीनवर काहीच बदलत नाही आणि चूकही दिसत नाही.

सिनॅमन आणि माटे: छोटी स्क्रिप्ट

इथे आतून सोय नाही, पण एक्स ११ वर असाल तर स्क्रिप्टने काम होतं. नावं इथे उच्चाराप्रमाणे देतो आहे. टर्मिनलमध्ये अर्थातच ती रोमन अक्षरांत टाइप करायची.

स्क्रिप्टचे दोन भाग. पहिला कान देऊन बसतो. ‘एक्सप्रॉप’ नावाचं साधन मूळ विंडोवरच्या, म्हणजे सगळ्यांच्या मागे स्क्रीनभर असणाऱ्या विंडोवरच्या, ‘नेट करंट डेस्कटॉप’ या नोंदीवर नजर ठेवतं. त्याला ‘स्पाय’ हा पर्याय दिला की प्रत्येक वेळी वर्कस्पेस बदलताच ते एक ओळ छापतं, शेवटी वर्कस्पेसचा आकडा. मोजणी शून्यापासून. दुसरा भाग तो आकडा उचलतो आणि त्याच नावाचं चित्र लावतो. म्हणूनच वर फाइलींची नावं शून्य, एक, दोन, तीन अशी ठेवायला सांगितली: आकडा हेच फाइलचं नाव असलं की ‘जर हा असेल तर ते’ अशा पायऱ्या लिहाव्याच लागत नाहीत, एका लूपमध्ये सगळं आटोपतं.

चित्र लावायचं काम ‘जीसेटिंग्ज’ या आज्ञेने करा. सिनॅमनला चित्राचा पत्ता ‘फाइल’ हा शब्द, अपूर्णविराम आणि तिरप्या रेघा लावून पूर्ण स्वरूपात हवा असतो. माटेला तोच पत्ता साधा, पुढे काही न लावता हवा असतो. एकाची आज्ञा दुसऱ्यासाठी उचलली की चूक न दाखवता कोरा रंग समोर येतो. यात माझी एक संध्याकाळ गेली आहे.

इंटरनेटवरच्या बऱ्याच स्क्रिप्टमध्ये चित्र लावायला ‘फेह’ वापरलेलं असतं. ते सिनॅमन-माटेवर चालवलं तर आज्ञा विनातक्रार संपते आणि स्क्रीनवर काहीच होत नाही. कारण सुरुवातीला सांगितलं तेच: फेह मूळ विंडोवर रंगवतं आणि तिच्यावर डेस्कटॉपने स्वतःचं चित्र पांघरलेलं असतं. फेह आय३, ओपनबॉक्स अशा फक्त विंडो सांभाळणाऱ्या प्रोग्रामांसोबत शोभतं, जिथे मागे दुसरं कोणी रंगवत नसतं.

आधी स्क्रिप्ट टर्मिनलमध्ये हाताने चालवून पाहा. नीट चालली की मगच ‘स्टार्टअप ॲप्लिकेशन्स’ मध्ये टाका. बदलताना क्षणभर जुनं चित्र दिसून मग नवं येतं. हे पूर्ण टळत नाही, चित्रं स्क्रीनच्याच आकाराची असतील तर कमी होतं. वेलँडवर मात्र ही युक्ती लागू नाही. तिथे ती मूळ विंडो आणि तिच्यावरच्या नोंदी या व्यवस्थेचा पायाच नसतो.

बाकीचे

एलएक्सडीईमध्ये डेस्कटॉपच्या पसंतींत ‘सगळ्या डेस्कटॉपवर एकच वॉलपेपर’ अशा अर्थाचा चेकबॉक्स आहे. खूण काढा, काम झालं. एनलाइटनमेंटमध्ये वॉलपेपर निवडतानाच तो फक्त या डेस्कटॉपसाठी की सगळ्यांसाठी हे विचारलं जातं. कॉम्पिझ हा जुना विंडो मॅनेजर (विंडो सांभाळणारा प्रोग्राम) वापरणाऱ्यांसाठी: तिथे चार वेगळे डेस्कटॉप नसून एकच लांबलचक डेस्कटॉप असतो आणि स्क्रीन त्यावरून सरकते, म्हणून वरची स्क्रिप्ट कायम शून्यच सांगत राहते. त्याच्या प्लगिनमध्ये स्वतंत्र ‘वॉलपेपर’ आहे, ते वापरा.

चित्र दिसतच नसेल तर

सगळं बरोबर केलं आणि तरी उपयोग वाटत नाही, असं होण्याचं कारण बहुधा एकच असतं: सगळ्या विंडो पूर्ण स्क्रीनभर पसरलेल्या. मग मागे काय आहे याला काय अर्थ! यावर दोन उपाय मी वापरतो. टर्मिनलची पार्श्वभूमी किंचित पारदर्शक ठेवायची, म्हणजे मागचा रंग झिरपतो. अक्षरं वाचायला त्रास होणार नाही इतपतच. आणि पॅनेलही अर्धपारदर्शक करायचं. एक्सएफसीईच्या पॅनेल सेटिंगमध्ये ‘अपिअरन्स’ खाली हे आहे. वरची ती बारीक पट्टी प्रत्येक वर्कस्पेसवर वेगळ्या रंगाची दिसते आणि तेवढी खूण पुरते. तिच्यावर वर्कस्पेस बदलायचं साधन बसवून त्यात आकृत्यांऐवजी आधी दिलेली नावं दिसतील असं करा. माझ्या चौथ्या वर्कस्पेसचं नाव ‘इथे आज्ञा नको’ असं आहे.